गेटवर अडकलेले ट्रक

शारजात वाढलेली मनाली दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदाम कंपनीत प्रोग्रॅमर होती. वेब अ‍ॅप्लिकेशनची जावा मॉड्यूल्स, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग, एकत्र बांधून म्हणजे 'बिल्ड' करून सर्व्हरवर चढवणं हे तिचं काम. एकदा घाईत तिने ट्रकना गेटबाहेर सोडणाऱ्या गेट-पासचं मॉड्यूल तेवढं नव्याने बिल्ड केलं. ज्याच्या आधारावर ते चालायचं, ते सामायिक मॉड्यूल जुनंच राहिलं. दोन्हींचा मेळ बसेना, पास निघेनात. ट्रक उन्हात अडकले.

साहेबांनी चूक निस्तरायला तिला गेटवर पाठवलं. तिथे भिकाजी नावाच्या ड्रायव्हरने पाण्याची बाटली पुढे केली.

"मॅडम, आमच्यासाठी एवढ्या उन्हात आलात."

"काका, चूक माझीच आहे," ती खाली बघत म्हणाली.

"असू दे. आधी पाणी प्या."

तिने तिथेच लॅपटॉप उघडून सगळी मॉड्यूल्स एकत्र बिल्ड केली. ट्रक सुटले. जाताना भिकाजीने हात हलवला, पण तिला मान वर करवेना.