मुलीच्या कानामागची थाळी

माझी मुलगी तेव्हा तेरा महिन्यांची होती. पवनीला आमच्याकडे माझी मोठी नणंद चार दिवसांसाठी आली होती आणि आल्या दिवसापासून तिचं एकच चाललं होतं, पोरगी एवढी गप्प काहून?

गप्प असायची हे खरं. स्वयंपाकघराच्या दारात स्टीलचा गिलास आणि लाकडी चमचा दिला की अर्धा तास तिला कोणी लागत नसे. चमचा गिलासात सोडायचा, गिलास आडवा करायचा, आत डोकवायचं, चमचा ओढायचा. अडकला तरी ती रडत नसे. खालचा ओठ पुढे काढून, लाळ गळत, दुसऱ्या बाजूनं ओढून पाहायची. निघाला की नाकातून जोराचा श्वास सोडायची. भाजी चिरणं थांबवून मी ते बघत बसायची.

"मी एवढ्या हाका मारून राहिली, पोरगी पाहत बी नाही," नणंद म्हणाली. "हिले ऐकू येते का नाही?"

"ती खेळून राहिली, ताई."

"असं कोणतं लेकरू खेळते?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते. नणंद दबक्या पावलांनी मुलीच्या मागे आली आणि तिनं कानाच्या अगदी जवळ थाळीवर लाटणं आपटलं. मुलगी दचकून आडवी झाली. तोंड उघडं, आवाजच नाही. मग श्वास कोंडेपर्यंत रडली.

"येते ऐकू," नणंद हसून सासूबाईंना म्हणाली.

मी तिच्या हातातली थाळी हिसकून अंगणात फेकली. "पुन्हा हात लावून पाह्य माह्या पोरीले. तुह्याच कानाखाली वाजवीन."

सासूबाईंना नातीचं रडणं नाही, माझं 'तू' लागलं. मोठ्या नणंदेला तू! संध्याकाळी नवरा म्हणाला, "माफी माग अन् विषय संपव."

"तुमच्या बहिणीनं पोरीची मागितली का?"

नणंद सकाळच्या बसनं गेली. मी दारापर्यंतही गेले नाही.

एक गोष्ट मी घरात कोणालाच सांगितली नाही. नणंद येण्याच्या आठवडाभर आधी मीच मुलीच्या मागे उभी राहून हळूच टाळी वाजवून पाहिली होती. मुलगी वळली, हसली, परत गिलासात डोकवू लागली. माझी मलाच लाज वाटली होती. नणंदेनं तोच संशय मोठ्यानं बोलून दाखवला, म्हणून माझा राग दुप्पट झाला असेल. तेवढ्यानं तिला माफ करावंसं मात्र वाटत नाही. पुढचे पंधरा दिवस मुलगी भिंतीला पाठ लावूनच खेळायची, आणि मधूनच हात थांबवून इकडेतिकडे पाहायची.

आता ती चार वर्षांची आहे, दिवसभर बडबडते. साकोलीला एका लग्नात नणंद भेटली. "पाह्य व, किती बोलते!" म्हणत तिनं मुलीच्या गालाकडे हात नेला. मी मुलीला उचललं आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.