कुंग-फूच्या वर्गातली वहिनी

लग्नानंतर चार वर्षांनी मी घाटकोपरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये परत कुंग-फू शिकायला गेले, तेव्हा आमच्या जुन्या बॅचची पोटं सुटली होती. पट्टे पोटाखाली घसरलेले. पण ऐट अशी, की सगळं घाटकोपर यांच्याच जिवावर निवांत झोपतं.

कॉलेजात असताना हेच लोक मला धोपटायचे. "ए, नीट उभी राहा ना!" म्हणून खेकसायचे. आता मंगळसूत्र पर्समध्ये ठेवून मी समोर उभी राहिले, तर ज्याच्या त्याच्या तोंडी 'वहिनी'. माझ्या नवऱ्याला यांच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. तरी मी वहिनी! ठोसा माझ्यापासून वीतभर अलीकडे थांबायचा आणि वर चौकशी, "लागलं नाही ना, वहिनी?" हवेला लागलं असेल तर माहीत नाही.

याला ते मान देणं म्हणत. मला किळस यायची. असला मान मला घरी पोटभर मिळत होता. पाहुणे आले की नवरा 'आमची ही कुंग-फू करते हं' म्हणून मला पोपटासारखं मिरवायचा आणि मग चहा टाकायला सांगायचा. लग्नाआधी मला जे येत होतं ते अजून येतं का, एवढंच मला बघायचं होतं. हे शूरवीर ते बघूच देत नव्हते.

शेवटी मी सरांकडे गेले. सर पन्नाशीचे. एकच ठोसा महिनाभर शिकवतील, पण आवाज चढवणार नाहीत. त्यांच्या त्या शांतपणाचाही मला आता राग यायला लागला होता.

"सर, यांना सांगा ना, मला नीट मारा म्हणून."

"सांगून कोण मारतं?" सर म्हणाले. "आणि तू तरी कुठं मारतेस?"

"मी? मी मारतेच की!"

"लागणार नाही इतपत मारतेस. आलीस तेव्हापासून बघतोय. म्हटलं, तुझं तुला कळेल."

मला असा संताप आला! सर खरं बोलत होते म्हणून तर जास्तच. सगळ्यांना सांभाळून घ्यायची सासरची सवय माझ्या हातात उतरली होती, आणि मी मात्र या ढेरपोट्यांना नावं ठेवत बसले होते.

मी जागेवर परत आले. कॉलेजात असल्यापासूनचा माझा सरावाचा जोडीदार हसत म्हणाला, "या वहिनी. हळूच हं."

मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. पूर्ण जोर लावून. तो धपकन फरशीवर बसला. उठला तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं.

"ए, वेडी झालीस काय गं?" म्हणाला, आणि त्यानं ठोसा हाणला. माझा ओठ फुटला.

दोघं-तिघं "अरे अरे" करत धावले. सरांनी त्यांना हातानंच थांबवलं. मला म्हणाले, "डावा हात खाली होता," आणि पुढच्या जोडीकडे गेले.

इतकं बरं मला चार वर्षांत वाटलं नव्हतं. मी डावा हात वर घेतला.

"चल रे," मी म्हटलं, "परत."