नाम्याच्या गाडीचा गिअर लिव्हर

बर्फातल्या पोस्टवर पाठवण्याआधी आम्हाला तीन आठवडे शिकवलं. दोर बांधणं, पुढचं बर्फ काठीनं चाचपणं आणि मोजे घालणं. हसू नका. मोज्यांवर उस्तादांनी पूर्ण पाऊण तास घेतला होता. मोज्यांचे दोनच जोड. बुटात बोटं हलली पाहिजेत. तिसरा जोड चढवला की बूट आवळतो, रक्त थांबतं आणि बोटं जातात. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कितने जोड?" सगळ्यात मोठ्या आवाजात मी ओरडलो, "दो, उस्ताद!" पाठांतरात मी कधीच मागे नव्हतो.

मी किकवीचा. थंडी म्हणजे पहाटेच्या एसटीसाठी हायवेला उभं राहताना कानाला गुंडाळायचा मफलर, एवढाच माझा अनुभव. नाईक नामदेव, आमचा नाम्या, वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. घरी आई, वडील आणि शेळ्या. तो मला 'हायवेवाला' म्हणायचा, मी त्याला 'डोंगऱ्या'. एकाच सेक्शनमध्ये आम्ही नऊ वर्षं काढली.

पोस्टवर जाण्याआधीच्या सुट्टीत त्यानं मोटरसायकल घेतली. गाडीचा मूळ गिअर लिव्हर दोन्हीकडून दाबायचा होता, पुढे पंजानं, मागे टाचेनं. नाम्याला तो बघवेना.

"टाचंनं गिअर टाकायला मी म्हातारा झालो का? ह्यो दूधवाल्यांचा लिव्हर."

भोरच्या बाजारातून त्यानं एकेरी लिव्हर आणला. काळा, पुढे जाड रबर. खालचा गिअर पंजानं दाबायचा, वरचा टाकायचा तर बुटाचं टोक लिव्हरखाली घालून उचलायचा. मी दहा नंबरचा पाना धरून शेजारी बसलो आणि सल्ले दिले. त्यानं एकही ऐकला नाही, म्हणून लिव्हर नीट बसला.

मग तो आईला म्हणाला, "बस मागं. पानशेतचं पाणी दावून आणतो. माझ्या खांद्याला धरायचं फक्त."

"नको बाबा, मला भ्या वाटतं. फुडच्या सुट्टीला बसंन."

पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. साडेचारला उठायचं, बर्फ वितळवायचं, चहा, रेडिओ तपासणी, मग दारापुढचं बर्फ काढायचं. ते रात्रीतून परत यायचं, म्हणजे कामाची टंचाई कधी पडली नाही. आठवड्यातून एकदा सहा जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त, शेजारच्या पोस्टपर्यंत जायची. सहाही जण एका दोरावर. पहिला नंबर स्काउटचा. त्यानं बर्फ चाचपत जायचं, बाकीच्यांनी त्याच्या पावलांवर पाय ठेवायचे.

त्या दिवशी पहिला नंबर माझा होता.

पहाटे पाचला मी मोजे घातले. दोन जोड. आदल्या पेट्रोलला पाय फार गारठले होते. स्टोव्हवरच्या तारेवर एक जोड वाळत होता, हाताला गरम लागत होता. इकडेतिकडे बघितलं आणि तोही चढवला. पाय बुटात कसाबसा गेला. उस्ताद दोनशे किलोमीटर लांब होते.

०५४० ला निघालो. पहिला तास पाय झकास गरम. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. सातच्या सुमारास डाव्या पायाची बोटं दुखायची थांबली. थांबली म्हणजे बरी झाली, असं मी ठरवलं. ०७१० ला मी दोनदा अडखळलो. दोरावर दुसरा नाम्या होता. तो जवळ आला.

"लंगडतोयस."

"नाही रे."

"बोटं हलव."

मी बुटाकडे बघितलं.

"किती घातलेत?"

"तीन."

"तिसरा कुणाचा?"

"तुझा."

नाम्यानं माझ्याकडे बघितलं. गॉगलमुळे डोळे दिसत नव्हते, पण तो हसत होता. "गाढवा," तो म्हणाला. मग मागे वळून आवाज दिला, "साहब, एक नंबर मैं लेता हूँ."

पेट्रोल लीडर सुभेदार साहेब होते. त्यांनी हात वर केला. आम्ही जागा बदलल्या. पंधरा मिनिटं तो माझ्या पुढे चालला.

०७२५ ला त्याच्या पायाखालचं बर्फ बसलं. आवाज फार मोठा झाला नाही. दोराला हिसका बसला, मी तोंडावर पडलो आणि मागच्या चौघांनी धरून ठेवलं. खाली खोल भेग होती. साहेबांनी रेडिओवर पोस्टला कळवलं.

"गरुड, गरुड दोन. एक जवान भेगेत. दोरावर आहे. ओव्हर."

"गरुड दोन, जवान बोलतोय का? ओव्हर."

साहेबांनी भेगेत तोंड घालून तीन हाका मारल्या. मग रेडिओवर म्हणाले, "नाही. ओव्हर."

त्याला वर काढायला पन्नास मिनिटं लागली. दोर तुटला नव्हता. पडताना डोकं बर्फाच्या भिंतीवर आपटलं होतं. ०८१५ ला साहेबांनी नाडी बघायला त्याच्या गळ्यावर ठेवलेली बोटं काढली. माझा पाय ओढून मला मागे बसवलं, तेव्हा मला कळलं की मी अजून दोर ओढतोच आहे.

डाव्या पायाची पाचही बोटं हॉस्पिटलात गेली. फौजेतून घरी आलो.

त्यानंतर वाडीवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाम्याच्या आईवडिलांना सांगितलं, "पेट्रोलला पुढे नाम्या होता. बर्फ खचलं." यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त पुढे कोणी असायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. एरवी मी माझी प्रत्येक फजिती चारचौघांत रंगवून सांगतो. ही सात वर्षं सांगितली नव्हती.

गाडी पडवीत घोंगडीखाली होती. दर खेपेला मी ती चालू करायचो, पाच मिनिटं घरघर ऐकायची आणि बंद करायची. चालवता यायची नाही. वरचा गिअर उचलायला बुटात बोटं लागतात. माझ्या बुटाचं टोक रिकामं, ते लिव्हरखाली नुसतं दुमडतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी, म्हणजे नाम्याची आई, म्हणाल्या, "दत्ता, मला एकदा त्याच्या गाडीवर बसीव. आता गुडघं बी चाललं."

भोरला गेलो. टाचेचा लिव्हर मागितला. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या मॉडेलचा? जुना आणलाय का मापाला?"

"माप माझ्या डोळ्यात आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीवर पोहोचलो. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून पायरीवर बसलेल्या. तात्या, नाम्याचे वडील, खांबाला टेकून. मी बोल्ट सोडवला आणि नाम्याचा लिव्हर शाफ्टवरून ओढून काढला. रबर एका बाजूनं झिजलं होतं. तेवढीच एक सुट्टी वापरलेलं, तरी झिजलं होतं. नवा लिव्हर लावला. तो शाफ्टवर भिंगरीसारखा गरगर फिरला. त्याचं भोक मोठं होतं, दाते दात्यांना लागतच नव्हते.

"डोळ्यातलं माप दिसतंय," तात्या म्हणाले.

मावशी हसल्या. "बसू दे सावकाश. मी हाय हितंच. तुझ्या खांद्याला धरलं तर चालंल न्हवं? नाम्या म्हनला व्हता, खांद्याला धरायचं."

मी पाना खाली ठेवला.

खरं काय झालं ते कळल्याशिवाय त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवणं मला सोसलं नसतं. तिथंच, शाफ्टसमोर उकिडवं बसून सांगितलं. एक नंबर माझा होता. तीन जोड. तिसरा त्याचा, न विचारता घेतलेला. ०७१०. ०७२५. वेळासुद्धा सांगितल्या, मला दुसरं काही सांगता येत नाही. वर बघितलं नाही.

मग तात्यांनी विचारलं, "तुला शेवटचं काय म्हनला त्यो?"

"गाढवा, म्हणाला."

"बरुबर म्हनला."

ते उठले आणि घरामागे गेले. मी पाने गोळा करून पिशवीत भरायला लागलो. आता हायवेला लागायचं आणि पुन्हा इकडे तोंड दाखवायचं नाही, असं मनाशी ठरवलं. तेवढ्यात घरामागून वीस-पंचवीस शेळ्या पडवीत घुसल्या. एकीनं माझी पिशवी तोंडात धरली. त्यांच्या मागून तात्या आले. हातात गंजलेला लोखंडी दांडा. मूळचा लिव्हर, पंजा-टाचेचा. नाम्यानं काढून टाकल्यापासून तो शेळ्यांच्या वाड्याच्या दाराला खिट्टी म्हणून होता. तो उपसला आणि दार उघडं पडलं.

"ह्यो लागंल," ते म्हणाले. "त्याच्याच गाडीचा हाय."

मी रॉकेलनं दाते घासले. पहिल्यांदा एक दात खाली बसवला, मागचा भाग पायठेवणीवर आपटायला लागला. पुन्हा काढला, एक दात वर घेतला, बोल्ट आवळला. तात्या शेळ्या आवरत मला नाही नाही ते बोलत होते. ते बोलत होते याचं मला फार बरं वाटलं.

मावशी अजून पायरीवरच होत्या. मी गाडी चालू केली आणि त्यांच्याकडे न बघता थांबलो. गाडी मागून दबली. मग खांद्यावर हात आला. हलका नव्हता. घट्ट धरला होता त्यांनी, दुखेपर्यंत.

उतार संपल्यावर टाचेनं दुसरा टाकला, मग तिसरा. पानशेतचं पाणी वळणावरून दिसायला लागलं तशी गाडी कडेला घेतली. मावशींनी पाणी बघितलं. पदर तोंडाशी धरला आणि खूप रडल्या. मी हँडल धरून बसलो होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "पाय लई दुखत्यात का रं तुझं?"

"नाही मावशी."

"थंडीत दुखत असतील."

परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. तात्यांनी शेवटचं करडू आत लोटलं, दार ओढलं आणि खिट्टीच्या भोकात नाम्याचा काळा लिव्हर सरकवला. तो आधीच्यापेक्षा चांगला बसला.

"ह्याला रबर हाय," तात्या म्हणाले. "हाताला बोचत न्हाई."

वाड्याचं दार रोज सकाळी आणि संध्याकाळी उघडतं, मिटतं. झिजलेली बाजू त्यांनी वर ठेवली आहे, अंगठा पडतो तिथं.