सोहारच्या मैदानावरचा नवा देश

कोल्हापूरहून निघालो तेव्हा पिशवीत दोन धोतरं, एक स्वेटर आणि कांदा-लसूण मसाल्याची पुडी एवढंच होतं. मसाला हौसानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मागच्या उन्हाळ्यात डंकावर स्वतः उभं राहून कुटून घेतलेला. थंडीत ती गेली. मसाला राहिला.

पोरगा विलास ओमानात, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फोरमन. आई गेली तेव्हा तो आला नाही. तेराव्यालाही आला नाही. अग्नी पुतण्यानं दिला. आणि उन्हाळा लागल्यावर तिकीट पाठवून म्हणतो, "आबा, इकडं या, जरा बदल होईल." मी बदलासाठी गेलो नाही. त्याला समोर उभं करून विचारायला गेलो. तालमीच्या पोरांनी गणपतीच्या अंकात प्रवासाचं लिहा म्हणून धरलं, म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला, जन्मभर मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) वाहिले. गोड लिहिता येत नाही.

मस्कतच्या विमानतळावर पिशवी उघडायला लावली तर पुडी आतच फुटलेली. अर्धा मसाला स्वेटरात. तपासणीचा पोरगा वाकला आणि शिंकायला लागला तो थांबेना. मला वाटलं आता आत टाकतोय. पण त्यानं डोळे पुसत एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली आणि उरलेला मसाला स्वतः त्यात भरला. मला त्याच्या चांगुलपणाचाही राग आला. त्या दिवसांत मला सगळ्याचाच यायचा.

पहिली रात्र मस्कतच्याच वादी अदाई भागात काढली. दोन्ही बाजूंनी डोंगर, आणि डोंगरावर गवताची काडी नाही. नुसते दगड, कुणी सोलून ठेवल्यासारखे. विलासचा दोस्त पीटर तिथं राहतो, वसईचा, हॉटेलात स्वयंपाकी. त्याच्या बायकोनं बांगडा तळला. जेवताना त्यांची लेक माझ्या तोंडाकडं बघत होती. शाळेत सगळं इंग्रजी, मराठी अडखळत. शेवटी म्हणाली, "आजोबा, तुम्ही रागवलेला आहे?"

पीटर म्हणाला, "गप गं."

मी म्हटलं, "बोलू दे. तिला एकटीला दिसलं."

दुसऱ्या दिवशी विलासच्या गाडीतून सोहार. उजव्या हाताला समुद्र, मध्ये खजुराच्या बागा, रस्ता असा सपाट की चहा ठेवला तर सांडणार नाही. अर्धा रस्ता गेल्यावर मी विचारलं.

"का आला नाहीस?"

तो समोर बघत म्हणाला, "पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो, आबा. शटडाऊन चालू होता. सगळी मशिनं बंद करून दुरुस्ती चालते तेव्हा कुणालाच रजा नाही. नियम आहे."

"आई कुणाची मेली? कंपनीची?"

"मी मॅनेजरपुढं हात जोडले होते."

"हातच जोडत बसलास. कपाट फोडलं नाहीस."

घरी पोचल्यावर त्यानं खुबूस (भट्टीतली जाड रोटी) आणली आणि डाळ केली. मी ताटात मसाला वाढला. त्यानं बोट लावून चाखला आणि उठून मोरीत गेला. बराच वेळ नळ चालू होता.

शुक्रवारी सुट्टी. संध्याकाळी ऊन कलल्यावर तो मला मैदानावर घेऊन गेला. मैदान म्हणजे वसाहतीमागची उघडी जागा, गवत नाही, चुन्याच्या रेघा, पाइपांचे गोलपोस्ट. तिथं दर शुक्रवारी कामगारांचे फुटबॉलचे सामने होतात, देशादेशांचे. आपला संघ, नेपाळचा, सुदानचा, असे. स्पर्धेचा सेक्रेटरी आणि पंच विलास. गळ्यात शिट्टी, हातात पाटी. तालमीकडून फुटबॉल खेळलेला मी आणि शिट्टी माझ्या पोराच्या गळ्यात, म्हणून घटकाभर बरं वाटलं.

मग रेघेबाहेर उभी असलेली माणसं दिसली. उंच, काळीभोर, सगळ्यांच्या अंगात पांढरे बनियन आणि पाठीवर काळ्या चिकटपट्टीनं काढलेले नंबर. खेळत नव्हती. नुसती उभी होती. त्यातला एक माझ्याजवळ आला. नाव डेंग. विलासच्या हाताखाली क्रेनला साखळ्या बांधतो. तिथं सगळे एकमेकांशी मोडकी हिंदी बोलतात, आणि मोडकी हिंदी मलाही येते.

"बाबा, तुम विलास का फादर. तुम्हारा लड़का अच्छा आदमी. लेकिन शुक्रवार को पोलीस बन जाता है."

मी विचारलं, काय झालं. तर त्यांचा देश दक्षिण सुदान. मोठी लढाई झाली, मग मतं घेतली आणि आदल्याच वर्षी देश वेगळा झाला. झेंडा झाला, गाणं झालं. पण विलासच्या पाटीवरच्या यादीत तो देश नव्हता. जगाच्या फुटबॉलची जी मोठी संघटना आहे तिनं अजून त्यांना घेतलेलं नव्हतं, आणि तिच्याकडं जो देश नाही त्याचा संघ इथं नाही. तुम्ही सुदानकडून खेळा, असं विलासनं त्यांना सांगितलेलं.

"हम उधर से अलग हुआ, उसके लिए कितना आदमी मरा. अभी उधर से ही खेलेगा?" डेंग म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, तुम्हारा घरवाली खलास हुआ, हम सुना. फोन आया तो विलास क्रेन के नीचे खड़ा था, हटता नहीं. हम बोला, जाओ बैठो, तुम्हारा काम हम देखता. दो शिफ्ट हम किया."

हौसाला कुणी खलास म्हटलेलं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलं नसतं. पण विलासच्या जागी तोच उभा राहिला होता. तिथला तसा एकटाच.

सामना संपला तसा मी विलासला गाठला.

"त्यानं तुझी पाळी केली आणि तू त्याला रेघेबाहेर उभा करतोस?"

"आबा, नियम मी केलेला नाही."

"तुझ्या मॅनेजरनं तरी कुठं केला होता?"

त्याचं तोंड उतरलं. उतरू दे म्हटलं.

आता आमचं सांगतो, कारण नव्या पोरांना ठाऊक नसेल. आमची वस्ती पेठेच्या तालमीतून फुटली तेव्हा आम्हालाही कुणी सामना देत नव्हतं. पेठेकडूनच खेळा म्हणायचे. आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. नवा संघ मैदानात घ्यायचा तर ज्या तालमीतून तो फुटला तिथल्या जुन्या माणसानं चेंडूला पहिली लाथ मारून द्यायची. म्हणजे आम्ही तुम्हाला मानलं. कसाबसा सामना मिळाला, चेंडू मध्यावर ठेवला, आणि पेठेतले म्हातारे पैलवान पारावरून उठेनात. हौसा नवी नवरी, बायकांत उभी होती. ती काष्टा खोचत मैदानात आली आणि तिनं लाथ हाणली. चेंडू गेला शेळीच्या अंगावर. लोक हसले, आणि हसण्यात सामना सुरू झाला. आम्ही हरलो. पण त्या दिवसापासून आमची तालीम आहे.

माझा राग शांत व्हावा म्हणून विलासनं दोन दिवस रजा काढून (शटडाऊन संपला होता, आता मिळत होती) मला सूरला नेलं. सूर पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठचं गाव, तिथं लाकडी गलबतं बांधतात. मासळी ताजी, काहवा (वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी) कडू, आणि हलवा तुपानं एवढा निथळणारा की माझ्या धोतरावर डाग पडला तो अजून आहे. गोदीत एक गलबत उभं होतं, नुसत्या फासळ्या आणि अर्ध्या फळ्या. पण नाव आधीच रंगवून ठेवलेलं.

मी विलासला म्हटलं, "बघ. अजून पाणी दिसलं नाही तरी त्याला नाव आहे."

"आबा, तुम्ही कुठूनही तिथंच येता."

"येणारच."

तिथंच उभं असताना डेंगचा फोन आला. विलासनं ऐकलं आणि फोन माझ्याकडं दिला. मागं नुसता गलका, कुणीतरी डबा बडवत होतं.

"बाबा, हो गया. फुटबॉल का बड़ा लोग हमको ले लिया. अभी हमारा देश का टीम पूरा दुनिया में खेलेगा."

डेंग रडत होता की हसत होता ते कळेना. मग म्हणाला, त्याची आई तिकडं गावी आहे, नवा पासपोर्ट कुठून काढायचा ते कुणी सांगत नाही, जुना सुदानचा संपत आलाय. "फुटबॉल को कागज मिल गया, बाबा. मेरे को नहीं मिला. फिर भी अच्छा."

विलास खूश. "झालं ना आबा? आले यादीत. शुक्रवारी घेतो त्यांना."

"परवापर्यंत ते कोण होते रे? वारा? अकरा माणसं डोळ्यांसमोर उभी होती, आणि तुला ती दिसायला परक्या मुलखातल्या साहेबांची सही लागली."

परतीच्या रस्त्यात मी त्याला आमच्या रीतीची आठवण करून दिली. सुदानच्या संघाचा जो कुणी जुना माणूस असेल त्यानं पहिली लाथ मारायची. विलास म्हणाला, त्यांचा म्हातारा इद्रिस पाण्याचा टँकर चालवतो, पण तो कधी मानणार नाही. मी म्हटलं, गाडी तिकडं घे.

इद्रिस माझ्याच वयाचा. डोक्याला पांढरं मुंडासं, गालावर जुने वण. त्यानं आलं घातलेली कॉफी दिली. विलास गाडीतच बसून राहिला. मी सरळ मुद्द्यावर आलो.

इद्रिस म्हणाला, "वो लोग अपना घर तोड़के गया."

"घर सुख का होता तो कोई जाता है क्या?" मी म्हटलं.

त्यानं कप खाली ठेवला. "मेरा छोटा भाई उधर लड़ाई में गया. वापस नहीं आया. मिट्टी भी नहीं मिला. और तुम बोलता, मैं उनका बॉल मारूँ?"

मी भांडायला गेलो होतो. हौसाची राख तरी मला मिळाली होती. मी कॉफी संपवली आणि म्हटलं, "मत मार. सिर्फ आके बैठ."

त्यानं रिकामे कप उचलले.

शुक्रवारी वसाहतीतली निम्मी माणसं मैदानाभोवती. त्या दिवशी सुदानचाच संघ मोकळा होता, त्यामुळं सामना त्यांच्याशीच पडला. डेंगची माणसं आत आली, रेघ ओलांडताना एकेकानं वाकून मातीला हात लावला. आमचीही पोरं असंच करतात. कुठं काय शिकतात माणसं देव जाणे.

इद्रिस आला. मुंडासं कडक इस्त्रीचं, सोबत स्वतःची लोखंडी खुर्ची. ती त्यानं रेघेला लावून टाकली आणि बसला. विलासनं चेंडू मध्यावर ठेवला. सगळे खुर्चीकडं बघायला लागले. इद्रिस हातावर हात ठेवून बसून राहिला. त्याचीच पोरं मान खाली घालून उभी. डेंग माझ्याकडं बघत होता.

विलास माझ्यापाशी आला. "आबा, अंधार पडेल. मी शिट्टी वाजवून सुरू करतो."

मी म्हटलं, "तुझी आई शिट्टीची वाट बघत नव्हती."

त्यानं एकदा खुर्चीकडं बघितलं. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली, मैदानाच्या मध्यावर गेला आणि कंपनीच्या लोखंडी टोकाच्या बुटानं लाथ हाणली. पंच, सेक्रेटरी आणि फोरमन, पण खेळ नावाला येत नाही. चेंडू तिरका गेला तो थेट इद्रिसच्या खुर्चीखाली. लोक हसले. इद्रिसनं वाकून चेंडू काढला, दोन्ही हातांत धरून बघितला आणि डेंगकडं टाकला. हातानं. उठला मात्र नाही. शिट्टी मी वाजवली.

चार-एकनं हरले. तो एक झाला तेव्हा डेंगची माणसं अशी नाचली की आपण हरतोय हे त्यांना सांगायला कुणी धजलं नाही. मधल्या सुट्टीत इद्रिसनं थर्मास पाठवला होता, आल्याच्या कॉफीचा. दोन्ही संघांना.

विमानतळावर सोडायला आला तेव्हा विलास म्हणाला, "आबा, तो उरलेला मसाला ठेवून जा की. आईच्या हातचा शेवटचा."

"नाही," मी म्हटलं. "वर्षश्राद्धाला ये आणि खा."

"रजा मागतो. बघू काय म्हणतात."

"मागू नकोस. जातो म्हणून सांग."

आता घरी आहे. पावसाळ्यात त्यांच्या देशाचा पहिला मोठा सामना झाला, बरोबरी केली म्हणून डेंगनं विलासच्या फोनवरून कळवलं. डेंगच्या पासपोर्टचं अजून काही नाही. माझा राग गेलेला नाही आणि जावा असं वाटतही नाही. मसाला डब्यात झाकून ठेवलाय. श्राद्धाला विलास आला तर ताटात वाढीन. नाही आला तर पुन्हा सोहारला जाणार, आणि कंपनीच्या त्या कपाटासमोर इद्रिससारखी खुर्ची टाकून बसणार. मला उठवायला कोण येतं ते बघू.