सरकीचं तेल आणि सोमवारचं रीडिंग

पीएच.डी. झाली तरी माझा शंकेखोर स्वभाव काही गेला नाही. वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात मी पोस्टडॉक करत होते. ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेलाऐवजी आपलं सरकीचं तेल इन्सुलेशन म्हणून चालेल का, एवढंच बघायचं होतं. मशीनच्या कपात तेल ओतायचं, आतल्या धातूच्या दोन गोळ्यांमध्ये व्होल्टेज वाढवत न्यायचं, ठिणगी पडली की आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा, तितकं तेल चांगलं.

आठवडाभर आकडे झकास यायचे आणि सोमवारी धाडकन पडायचे. रविवारी मी हिंगणघाटला आईकडे असायची आणि लॅबची किल्ली अटेंडंटकडे. ते सिंदीचे, पन्नाशीचे. ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपात आयुष्य काढून आता इथे कंत्राटावर होते. माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. हा माणूस तेलात काही मिसळतो की काय? मी बाटल्यांवर पेनाने खुणा केल्या. एकदा तर त्यांच्या जेवणाच्या डब्याचा वास घेतला. आता सांगतानाही लाज वाटते.

एरवी ते माझ्यासमोर कप तेलाने खळबळून धुवायचे. पण सोमवारचा, माझ्यामागे धुतलेला कप मला चालत नसे. आईने वातींसाठी पिंजलेला पांढराशुभ्र कापूस मी सोबत आणायची आणि त्याने तो परत पुसायची. एकदा ते म्हणाले, "मॅडम, कापूस नका लावू. तेलानंच धुवा लागते."

मला वाटलं, आपली लबाडी उघडी पडेल म्हणून सांगताहेत. दुसऱ्याच दिवशी मी विभागप्रमुखांना लेखी दिलं, नमुन्यांशी छेडछाड होते आहे. त्याच महिन्यात अटेंडंटचं कंत्राट संपत होतं. ते पुढे वाढलं नाही. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले.

पुढच्या सोमवारी कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्याच पर्समध्ये, आणि आकडा पुन्हा पडलेला. टॉर्च घेऊन कपात पाहिलं. दोन गोळ्यांच्या मधोमध कापसाचा एक तंतू आडवा ताणला गेला होता. वीज त्याच्यावरूनच पलीकडे जात होती. तो माझा कापूस होता, नेहमीप्रमाणे त्या सकाळीही मीच कपाला फिरवलेला.

चूक माझी होती हे सांगायला मी धावत विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, नवा माणूस घेतलाय, आता विषय संपला.

मग सिंदीला अटेंडंटच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने चहा आणला. मी तोंड उघडायच्या आधीच अटेंडंटनी विचारलं, "रीडिंग सुधरलं का, मॅडम?"

"हो."

"मंग कापूस सोडला म्हणा तुमी."

माफीची वाक्यं वाटभर घोकली होती. पण आधी चहाचा कप उचलला आणि सवयीने ओढणीने त्याची धुतलेली कड पुसली. त्यांनी ते पाहिलं.