इस्माईलभाईंचे चुलतभाऊ

ज्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो, त्या घरात किस्सेही ढिगाने साचतात. शारजात, अल मजाजच्या एका टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर असं एक दार आहे. ते इस्माईलभाईंचं. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, नोकरी एका बांधकाम कंपनीत पीआरओची, म्हणजे व्हिसाचे कागद घेऊन सरकारी काउंटरवर उभं राहण्याची. कंपनीचं काम संपलं की लोकांचे कागद सुरू. शुक्रवारी सुट्टीला आम्ही चारपाच जण तिथे जमतो. मी बँकेत आहे, इंग्रजी बरं आहे, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. बारा वर्षं अर्ज लिहितेय आणि किस्से गोळा करतेय.

* * *

एकदा काउंटरवरच्या अरब साहेबाने भाईंना हटकलं. "इस्माईल, रोज नवा माणूस आणतोस. हे सगळे तुझे कोण?"

"चुलतभाऊ," भाई म्हणाले.

सलूनमध्ये काम करणारी एक कोलंबियाची बाई भाईंच्या मागे उभी होती. भाई जेमतेम तिच्या खांद्याला लागत होते.

"आणि ही?"

"ही आईकडून."

साहेबाने हसत शिक्का मारला. तेव्हापासून भाई दिसले की तो हाक मारतो, "यल्ला, चल, पुढचा चुलतभाऊ आण!"

* * *

भाईंची मुलगी सना शाळेत होती तेव्हाची गोष्ट. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. तिने लिहिलं, 'ही स्टँड्स इन क्यूज.' रांगेत उभे राहतात.

भाईंना ते लागलं. संध्याकाळी सना म्हणाली, "पप्पा, बट इट्स ट्रू."

झुबेदाभाभी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पोरीने निदान फॉर्मवर लिहिलंन. मी लिहायला बसले तर वही पुरायची नाही."

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही. भाईंच्या गावात वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून, वरच्या अंगाने वळसा घेऊन न्यावं लागतं. भाईंच्या आईला तसंच नेलं. भाई तेव्हा अबुधाबीत दुसऱ्याच कुणाच्या तरी आईसाठी हॉस्पिटलमध्ये बसले होते. त्यांची आई वळशातच गेली.

हे ते एकदाच बोलले, मान खाली घालून. मग म्हणाले, "ताई, इथे हजार कागद हलवले. एक साकव नाही हलवता आला." त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं. साकवासाठी आपण सरपंचपदाला उभं राहायचं, हे त्यांनी त्यानंतर ठरवलं.

* * *

रजा काढून भाई गावी गेले, अर्ज भरला, आठवडाभर घरोघर फिरले आणि रजा संपल्यावर परतले. मतदानाला पुन्हा जायचं तिकीट काढून ठेवलेलं होतं. समोर उभे होते गावचेच शांताराम. ते सभेत भाईंना 'दुबईचा पाहुणा' म्हणायचे.

इकडे भाईंच्या घरच्या हॉलमध्ये गावची माणसं दाटीवाटीने बसली. भाईंनी ज्याचं त्याचं काम कधी ना कधी केलेलं. सगळ्यांची नावं अजून गावच्या यादीत. प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगत होता, "मत तुम्हालाच, भाई. इन्शाल्ला." रजा मात्र एकालाही मिळणार नव्हती.

भाभी चहाचा ट्रे घेऊन आल्या, सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अख्खा मतदारसंघ माझ्या हॉलमध्ये, आणि मतदान कोकणात."

* * *

भाईंच्या विमानाला तीन दिवस होते, तेव्हा दारात सुरेश आला. शांतारामांचा धाकटा भाऊ. रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात होता. कागद न करताच दुसरीकडे कामाला गेला, म्हणून जुन्या कंपनीने तो पळून गेल्याची तक्रार केलेली. आता गावी त्याची आई अंथरुणाला खिळलेली, आणि तक्रार मागे घेतल्याशिवाय त्याला विमानात बसता येत नव्हतं.

तो आत येईना. चपलांपाशीच उभा. "भाई, कुठल्या तोंडाने येऊ?"

"तोंड राहू दे. चप्पल काढ आणि ये."

भाई त्याला घेऊन रास अल खैमाला गेले. मॅनेजर दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. भाईंचं विमान गेलं. मी फोनवर चिडून म्हटलं, "भाई, साकवाचं काय?"

"साकव पाच वर्षांनी होईल, ताई. त्याची आई थांबेल का?"

मॅनेजर आल्यावर त्यानेही तेच विचारलं, हा तुझा कोण? भाईंनी तेच उत्तर दिलं. तक्रार मागे घेतली गेली, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी सुरेश विमानात बसला. भाईंना मात्र त्या विमानात जागा मिळाली नाही.

निकाल आला तेव्हा आम्ही सगळे त्याच हॉलमध्ये होतो. भाई एका मताने पडले होते.

भाईंचं स्वतःचं मत इथेच राहिलं होतं. सुरेश तिकडे पोचला होता. प्रत्येकाच्या मनात तोच हिशेब चालला होता आणि प्रत्येक जण कपातल्या चहाकडे बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. सुरेशचा. भाईंनी स्पीकरवर लावला. पलीकडे तो रडत होता.

"भाई, मी मत कुणाला दिलं, ते तुम्हाला सांगायचंय."

"नको सांगूस. मत गुप्त असतं," भाई म्हणाले. "आईने पेज घेतली का, ते सांग."