मिकोलाचे तेरा दिवस

ओदार्काच्या घराच्या दक्षिणेकडच्या तीन खिडक्यांतून मार्चपासून बाहेरचे काहीच दिसत नसे. दुधाची कापलेली खोकी, दह्याचे डबे, लोणच्याच्या लहान बादल्या. आणि प्रत्येकात टोमॅटोचे एकेक रोप. सकाळ झाली की हा सारा परिवार खिडकीत उन्हाला बसे. सांज झाली, काच गार पडली, की पुन्हा विटांच्या चुलीजवळच्या मेजावर परते. एकाहत्तर वर्षांची ओदार्का सव्वीस रोपे रोज दोनदा उचली, दोनदा ठेवी, आणि उचलताना प्रत्येकाशी बोले.

“चला ग लेकींनो, उन्हात चला. तू का मान टाकलीस? कुणी रागावलं का तुला?”

उभ्या जन्मात तिला रोपांची भीती वाटली नव्हती. तिने चाळीस वर्षे सामूहिक शेतावर बीट खुरपले, तितकीच वर्षे गावच्या चर्चच्या गायकवृंदात खालचा सूर धरला, नवऱ्याला मूठमाती दिली, मुलगा वाढवला. आणि दर वसंतात कुंपणाआतला जमिनीचा तुकडा झोपेतून उठवला. दारापाशी झेंडू, भिंतीशी उंच गुलखैरा, त्यामागे कांदे, गाजरे, काकड्या, सर्वांत मागे बटाटे. तिच्या हाताला तिथली माती ओळखत असे. पण ह्या वसंतात ती प्रत्येक रोप दोन्ही हातांनी जपून धरत होती. कारण ही सव्वीस रोपे तिची नव्हती.

ती तिच्या सुनेच्या आईची होती. रुस्लाना ही सून. दक्षिणेच्या वाऱ्याच्या माळावरून प्स्योल नदीकाठच्या ह्या गावात लग्न करून आलेली. तिचे माहेर आता युद्धरेषेपलीकडे होते. तिकडचा रस्ता तीन वर्षे बंद, आणि गेल्या हिवाळ्यात तिची आई तिकडेच वारली. बातमी कुणा शेजाऱ्याच्या फोनवरून अकराव्या दिवशी आली. ना माती देता आली, ना मेणबत्ती लावता आली. उरली होती कागदाची एक पुडी. शेवटच्या भेटीत आईने लेकीच्या कोटाच्या खिशात कोंबलेली. वर पेन्सिलीने दोनच शब्द, ‘आपले गुलाबी’. बैलाच्या काळजाएवढी गुलाबी फळे धरणाऱ्या टोमॅटोचे बी. मोजून चाळीस दाणे.

“निम्मं ठेवू या ना, आई,” रुस्लाना सासूला म्हणाली होती.

“ठेवून काय करायचं? बी म्हातारं झालंय, माझ्यासारखं. पुढल्या वर्षी उठेल, न उठेल. सगळं पेर.”

पेरले. सव्वीस उगवले. पुडी रिकामी झाली. त्या माउलीच्या अंगणाचे ह्या पृथ्वीवर जे काही उरले होते, ते आता ओदार्काच्या तीन खिडक्यांत उभे होते.

आणि ते वाढत होते. उजेडाला भुकेली ती रोपे लांब झाली, फिकट झाली, बारीक मानेची झाली. मे उजाडला तशी काचेला डोकी टेकू लागली. बाहेर कधी न्यायची? ह्या प्रश्नाला ओदार्काच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होते: वसंतातल्या संत मिकोलाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. सणाला मातीला हात लावायचा नाही, आणि सण सरला की मागे पाहायचे नाही. आजीने तसेच केले, आईने तसेच केले, आणि पन्नास वर्षांत मिकोलाने ओदार्काला एकदाही फसवले नव्हते.

गेल्या शरदात पाद्री तिमोफीय ह्यांनी प्रार्थनेनंतर नवी दिनदर्शिका वाचून दाखवली होती. आता सारे सण तेरा दिवस आधी. गावाने कुरकुर केली. मग नाताळ आधी आला तेव्हा आनंदाने जेवले, आणि जुन्या तारखेलाही दार लावून पुन्हा जेवले. मिकोला बावीस मेवरून नऊ मेवर आला. ओदार्काने वृंदात उभे राहून त्याचे स्तोत्र गायले, घरच्या देव्हाऱ्यात त्याच्या तसबिरीला भरतकामाचा नवा पंचा घातला, आणि दहा तारखेच्या सकाळी कुदळ घेऊन अंगणात उतरली. संत जिथे उभा, तिथे वसंत उभा! भोळ्या भक्तीला ह्याहून निराळे सुचणार तरी कसे?

ऊन सुरेख होते. माती हाताला कोमट लागत होती. रुस्लाना जवळच्या मिर्होरोद शहरात बेकरीत कामावर गेली होती. मुलगा विजेच्या तारा जोडणाऱ्या पथकाबरोबर महिनाभर बाहेर होता. ओदार्काने खड्डा घ्यावा, त्यात मूठभर राख, ओंजळभर कुजलेले शेणखत, तांब्याभर पाणी, आणि रोप ताठ उभे करावे. सतरा रोपे तिने अशी आपल्या रीतीने लावली.

अठराव्याला हात थांबला. सुनेचे एक बोलणे आठवले. “आमच्याकडे वारा फार. आई रोप निजवून लावायची. लांब चर काढायचा, देठ त्यात आडवा ठेवायचा, वर माती लोटायची, फक्त शेंडा बाहेर.” ओदार्का तेव्हा हसून म्हणाली होती, “रोप लावायचं का पुरायचं?” सून त्यावर काही बोलली नव्हती. ते न बोलणे आता, इतक्या दिवसांनी, ओदार्काच्या मनाला टोचले. मग कुंपणालगतची शेवटची ओळ, नऊ रोपांची, तिने त्या एकदाच भेटलेल्या विहिणीच्या रीतीने निजवली.

“घे बाई,” ती पुटपुटली, “ही तुझी ओळ.”

तेवढ्यात कुंपणावरून पारास्काचे डोके वर आले. पारास्का शेजारीण; ओदार्काच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तीच धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना ‘कूमा’ म्हणत.

“कूमा! ऊन डोक्यात गेलं का ग? काय चाललंय?”

“दिसत नाही? काल मिकोला झाला. टोमॅटो लावतेय.”

“कुठला मिकोला?”

“आता मिकोला किती असतात?”

“अग, संताला त्यांनी तेरा दिवस अलीकडं ओढलं. थंडीला कुणी पत्र धाडलं का? माझी रोपं बघ, खिडकीत आहेत. बावीस तारखेआधी मी त्यांना उंबरासुद्धा दाखवत नाही.”

ओदार्काच्या हातातला तांब्या तसाच राहिला. “काल तर तू चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी होतीस!”

“होते की. प्रार्थनेला नवा, टोमॅटोला जुना. देवाला कळतं ग ते. तुला कसं नाही कळलं?”

ओदार्काने वर पाहिले. आकाश धुतल्यासारखे, एकही ढग नाही. सकाळचा वारा कधी पडला, हे कामात कळलेच नव्हते. उघड्या आकाशाची, बिनवाऱ्याची रात्र म्हणजे दव गोठणार. पुन्हा उपटावीत? कोवळी मुळे तुटतील. ठेवावीत? ती मातीत गुडघे टेकून बसून राहिली, आणि तिच्या समोर सव्वीस शेंडे उन्हात निर्धास्त हलत होते.

पाचच्या बसने रुस्लाना आली. हातात पावाची पिशवी. फाटकातूनच तिला घराच्या खिडक्या दिसल्या आणि ती थांबली.

“आई, खिडक्या रिकाम्या का?”

“लावली.”

“सगळी?”

“सगळी.”

रुस्लानाने फोन काढून पाहिला. “पहाटे उणे पाच सांगताहेत.”

“फोनला काय कळतंय?”

“आई.”

त्या एका शब्दात ओरडा नव्हता. म्हणूनच तो सोसवेना.

मग त्या दोघींनी घर अक्षरशः अंगणात ओतले. बादल्या, पातेली, तीन लिटरच्या बरण्या, बोर्श्चचा, बीटाच्या सुपाचा, मोठा हंडा. एकेक रोप एकेका भांड्याखाली गेले. पारास्काने कुंपणावरून आपल्या बादल्या दिल्या. “ही गळकी आहे, पण घे. टोमॅटोला थोडंच तिच्यातून पाणी प्यायचंय!” कुणी हसले नाही. भांडी सतरा रोपांना पुरली आणि संपली. शेवटच्या ओळीवर अंथरायला प्लॅस्टिकचा एक पातळ कागद तेवढा उरला, आणि त्याच्या कडांवर ठेवायला विटा. विहिणीची ओळच उघडी पडली, हे ओदार्काला दिसत होते. सुनेपाशी ती त्याची वाच्यता करू शकली नाही.

दिवस मावळला तशी ती देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. ह्या तसबिरीशी तिचे पन्नास वर्षांचे बोलणे होते. ते कधी गोड असे, कधी भांडणाचे असे.

“मिकोला, म्हाताऱ्या, मी तुझ्या नावावर विसंबून गेले ना रे? तू नऊला उभा आहेस का बावीसला? जिथं असशील तिथून उठ. माझ्यासाठी नको. त्या पोरीसाठी ये. तुझ्या त्या सोनेरी झग्याचा एक पदर तरी टाक त्यांच्यावर!”

पहाटे गवत पांढरे होते. चालताना ते पायाखाली करकरले. ओदार्काने पहिली बादली उचलली. खाली काळे, लिबलिबीत, शिजवलेल्या पाल्यासारखे काहीतरी जमिनीला चिकटले होते. दुसरी उचलली, तेच. बरण्यांच्या काचेला पाने चिकटून गोठली होती. प्लॅस्टिक ओढले, तर त्याच्याबरोबर शेंड्यांची पाने निघून आली. सव्वीसपैकी सव्वीस. रुस्लानाने प्रत्येक भांडे स्वतः उचलून पाहिले, प्रत्येक परत होते तसे ठेवले, नळाखाली हात धुतले, आणि रविवार असूनही सहाच्या बसने कामावर गेली. जाताना ती रडली असती, भांडली असती, तर बरे झाले असते.

त्या सकाळी चाळीस वर्षांत पहिल्यांदा चर्चमध्ये खालचा सूर लागला नाही.

संध्याकाळी सून परतली तेव्हा सासू कुदळ घेऊन वाफ्यात उभी होती.

“उपटू नका,” रुस्लाना म्हणाली.

“मेलीत ग ती.”

“माहीत आहे. तरी उपटू नका. जुन्या मिकोलापर्यंत.”

मग वाट पाहणे सुरू झाले. चर्चच्या धर्मसभेने पंचांगातून उचललेले ते तेरा दिवस ओदार्काला एकेक करून भोगावे लागणार होते. दोन सरले होते. रोज पहाटे ती वाफ्यापाशी जाई आणि रोज रिकाम्या डोळ्यांनी परते. चौदा तारखेला पुन्हा गवत पांढरे झाले. सोळाला पाऊस पडला, थंड, सुईसारखा. दोघी आंबट पाल्याचा हिरवा बोर्श्च समोरासमोर बसून जेवत, आणि चमच्यांचा आवाज तेवढा होई. “मीठ?” “आहे.” एवढेच बोलणे. पारास्काने आपली चार रोपे देऊ केली. “लाल आहेत, पण टोमॅटोच ना, कूमा?” ओदार्काने मान हलवली. तिला टोमॅटो नको होते.

सातव्या दिवशी धीर करून तिने एका उभ्या रोपाभोवती बोटाने माती उकरली. देठ मुळापर्यंत पचपचीत. दुसरे तसेच, दहावे तसेच. सतराही गेली होती, ह्यात शंका उरली नाही. शेवटच्या ओळीला मात्र तिने हात लावला नाही. तिथेही हेच दिसले, तर मग उद्या पहाटे उठायचे कशासाठी? दारापाशी झेंडूचे बी उगवून आले. एरवी तिने त्याचे कौतुक केले असते. ती त्याच्यावरून तशीच पुढे जाई.

बावीस तारीख उजाडली. जुना मिकोला. पारास्काच्या घरातून सणाच्या भाजलेल्या पावाचा वास येत होता. ओदार्का झारी घेऊन कुंपणापाशी गेली, सवयीने वाकली, आणि तिला एक तण दिसले. काळ्या शेंड्यापासून वीतभर अलीकडे, मोकळ्या मातीतून, वाकड्या मानेचे हिरवे काहीतरी. उपटायला तिने चिमटीत धरले, पान चुरगळले, बोटे नाकाशी नेली.

टोमॅटोचा वास.

“रुस्लाना! अग, रुस्लाना!”

सून पिठाच्या हातांनी धावत आली आणि मातीत बसली. “इथं कसं? रोप तर तिथं होतं.” मग तिची बोटे त्या कोंबापासून काळ्या शेंड्यापर्यंत मातीवरून सरकली, आणि थांबली. “आई, हे तुम्ही निजवून लावलंत?”

“नऊच. शेवटची नऊच ग. बाकीची माझ्या शहाणपणानं लावली.” ओदार्काचा आवाज फुटला. “सगळी तशी लावली असती तर...”

“रोप लावायचं का पुरायचं, असं म्हणाला होतात.”

“म्हणाले होते. जिभेला काटे आहेत माझ्या. मेल्यावर जातील.”

रुस्लाना हसली की रडली, हे तिच्या वाकलेल्या पाठीवरून कळेना. दोघी गुडघ्यांवर रांगत ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या. नऊपैकी पाच ठिकाणी मातीखाली वाचलेला देठ फुटून वर आला होता.

“एक फळ आलं तरी पुरे, आई,” रुस्लाना हळूच म्हणाली. “एका फळात शंभर बिया असतात.”

“एक फळ येईपर्यंत जून आहे, जुलै आहे. गारा आहेत, करपा आहे.”

“आहेत,” सून म्हणाली, आणि तिने सासूच्या हाताला लागलेली माती आपल्या पिठाच्या हाताने झटकली.

दुसऱ्या दिवशी सांजवेळी पारास्का कुंपणापलीकडे आपली रोपे लावत होती. वारा पडला होता, आकाश निरभ्र होते. ओदार्का घरातून बादल्या आणताना दिसली तशी ती ओरडली, “कूमा, आता कशाला? जुना मिकोलासुद्धा झाला की!”

ओदार्का तशीच वाफ्यात शिरली. तिने पाच कोंबांपाशी पाच बादल्या ठेवल्या. गळकी बादली सर्वांत लहान कोंबाला दिली. भोकातून त्याला हवा मिळेल, असे तिला वाटले.